राखेचा स्वभाव

कुणी "ग्रीन पेव्हर ब्लॉक", म्हणजे भट्टीतला किंवा शेतातला कचरा घालून बनवलेला फरसबंदीचा ब्लॉक, म्हटलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो म्हणजे हा भिजल्यावर काय करतो. दुसरा प्रश्न, यावरून भरलेला ट्रक गेला तर काय. पर्यावरण वगैरे तिसऱ्या नंबरवर. हे ऐकून काही लोकांचा मूड जातो, त्यांना वाटतं मी या सगळ्याच्या विरोधात आहे, पण तसं अजिबात नाही. उलट मला या विषयाचं वेडच आहे, काँक्रीटच्या लॅबमध्ये आयुष्याचा बराच भाग गेलाय आणि कुठल्यातरी भट्टीच्या तळाशी उरलेली भुकटी साच्यात घालून तिचा दगड झालेला बघायची मजा मला अजूनही येते. मुद्दा एवढाच आहे की जो ब्लॉक पाच वर्षांत फुटतो तो कशापासूनही बनवलेला असू दे, त्याच्यापेक्षा वीस वर्षं टिकणारा साधा सिमेंटचा ब्लॉक पृथ्वीला स्वस्तात पडतो. ब्रोशरवर छापलेल्या हिरव्या पानाला स्ट्रेंग्थ नसते.

सुरुवात सिमेंटपासून करायला लागते कारण सगळी भानगड तिथूनच आहे. चुनखडी आणि माती साधारण १४५० डिग्री सेल्सिअसला भाजली की क्लिंकर तयार होतो आणि तो दळला की सिमेंट. भट्टीला इंधन लागतं हे सगळ्यांना कळतं, पण चुनखडी तापली की तिच्या आतला कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो हे पटकन लक्षात येत नाही, म्हणजे उद्या ती भट्टी नुसत्या सूर्यप्रकाशावर चालवली तरी हा वायू निघणारच, आणि सिमेंटच्या उत्सर्जनात साधारण ६० टक्के वाटा याच वायूचा असतो. माणसांनी हवेत सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७-८ टक्के सिमेंटमुळे येतो असा अंदाज आहे. म्हणून मग विचार असा निघाला की क्लिंकर कमी करा आणि त्याच्या जागी असं काहीतरी घाला जे आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी आगीतून जाऊन आलंय. वीज करणाऱ्याची आग, लोखंड करणाऱ्याची आग, बॉयलरची आग. दुसऱ्याच्या चुलीवर आपलं भागवायचं, सरळ सांगायचं तर.

ही युक्ती नवीन नाही. नेपल्सजवळच्या पोत्सुओलीची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली की तो चुना पाण्याखालीसुद्धा घट्ट होतो हे रोमन लोकांना माहीत होतं, त्यावर त्यांनी बंदरं बांधली. औष्णिक वीज केंद्रातली फ्लाय अॅश त्याच जातीची आहे. कोळशाची पूड भट्टीत उडता उडता जळते, तिच्यातली मातीची खनिजं वितळतात आणि धुराबरोबर वर जाताना पटकन थंड होऊन काचेचे बारीक गोल कण बनतात, मायक्रोस्कोपखाली ते बघायला फार सुंदर दिसतात, विश्वास बसत नाही की ही धुराड्यात पकडलेली घाण आहे. सिमेंट आणि पाण्याच्या रिअॅक्शनमधून जो चुना उरतो तो काँक्रीटमधला तसा कमकुवत भाग, या काचेच्या कणांना नेमका तोच लागतो, त्याच्याशी रिअॅक्शन करून ते पुन्हा तसाच चिकट पदार्थ बनवतात जो सिमेंट बनवतं. पुढे काँक्रीट जास्त घट्ट, पाणी कमी झिरपतं, सगळं छान.

पण सावकाश.

हा सावकाशपणा म्हणजे फ्लाय अॅशचा स्वभाव आहे आणि पेव्हरच्या धंद्यात तोच नडतो. अमेरिकेत मोंटानामध्ये हंग्री हॉर्स नावाचं धरण १९५३ मध्ये पूर्ण झालं, त्यात मोठ्या प्रमाणावर फ्लाय अॅश घातली होती, आणि धरणाला ते फार मानवलं कारण धरणाला घाई नसते, उलट एवढ्या जाड काँक्रीटमध्ये उष्णता हळूहळू तयार झालेलीच बरी. ब्लॉकला घाई असते. ब्लॉक कोरड्या मिक्सचा, जवळजवळ झिरो स्लंप, म्हणजे साचा काढला तरी न पसरणारा, व्हायब्रेशन प्रेसमध्ये दाबला की लगेच साचा उचलायचा आणि त्याने आपल्या पायावर उभं राहायचं, नंतर थोडे दिवस क्युरिंग, म्हणजे ओलं ठेवून मुरवणं, आणि मग गाडीत. २८ दिवसांच्या टेस्टला जो जेमतेम पास होतो तो ९० दिवसांनी मस्त मजबूत निघतो, पण ९० दिवस माल अंगणात कोण ठेवणार? मग राख कमी करा नाहीतर वाफेचं क्युरिंग द्या, आणि वाफेला परत इंधन. थंड हवेत तर अजूनच रडगाणं. बर्फ पडतो तिथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्या मिठाने जास्त राखेच्या काँक्रीटचे वरचे पापुद्रे लवकर सुटतात हेही बघितलेलं आहे.

ताकदीवरून आठवलं. आयएस १५६५८ हे भारतीय मानक नुसत्या चालायच्या जागेसाठी एम-३० पासून अतिजड वाहतुकीसाठी एम-५५ पर्यंत ब्लॉक मागतं (आकडा म्हणजे किती मेगापास्कल दाब सोसायचा), अमेरिकेचं एएसटीएम सी९३६ सरासरी ५५ मेगापास्कल मागतं, दोन्ही दाबून बघतात. युरोपचं ईएन १३३८ मात्र ब्लॉक फाडून बघतं, ३.६ मेगापास्कलची स्प्लिटिंग स्ट्रेंग्थ. मला युरोपची पद्धत जास्त पटते कारण ब्लॉक रस्त्यावर क्वचितच चिरडला जातो, तो वाकून मधोमध चिरतो किंवा कोपरा उडतो. कचऱ्यापासून बनवलेल्या ब्लॉकचे आकडे वाचताना मी आधी पाणी शोषण बघतो मग झीज, दाबाचा आकडा सगळ्यात शेवटी, तो चांगला आणणं फार अवघड नसतं.

आता स्लॅग. लोखंडाच्या झोतभट्टीत एक टन लोखंडामागे साधारण अडीचशे-तीनशे किलो वितळलेला दगड बाहेर येतो. तो तसाच ओतून सावकाश थंड होऊ दिला तर त्याचा कडक दगड होतो, खडी म्हणून बरा, पण रासायनिक दृष्टीने झोपलेला. तोच लालभडक रस पाण्याच्या जोरदार फवाऱ्यात धरला तर त्याला स्फटिक बनवायला वेळच मिळत नाही, त्याची काचेची वाळू होते आणि ती दळली की जवळजवळ सिमेंटसारखी वागते. जर्मनीत एमिल लांगेनने १८६२ मध्ये या वाळूचा हा गुण ओळखला. म्हणजे माल एकच, फक्त थंड कसा केला यावर ठरतं की तो खडी आहे की बाइंडर, म्हणजे सिमेंटसारखं चिकटवणारं द्रव्य. मला या गोष्टीचं दर वेळी नवल वाटतं, कितीही वेळा शिकवली तरी.

जुन्या लोकांनी सावकाश थंड करण्याच्या बाजूनेसुद्धा कमाल केलीय. ईशान्य इंग्लंडमध्ये टीस नदीच्या खोऱ्यात १८७० च्या दशकापासून स्लॅग साच्यात ओतून विटा बनवत, स्कोरिया ब्रिक, निळसर चमक असलेल्या, आणि तिथल्या मागच्या गल्ल्यांमध्ये त्या आजही आहेत. सिमेंट नाही, क्युरिंग नाही, भट्टीचा रस साच्यात गेला की झालं. जर्मनीतच मान्सफेल्ड भागात तांब्याच्या स्लॅगचे फरसबंदीचे दगड असेच ओतायचे, त्यांना मुद्दाम हळू थंड करायचे म्हणजे तडकत नाहीत, आणि ते इतके टिकाऊ निघाले की गावोगावचे रस्ते त्यांनी भरले. पुढे कळलं की त्या भागातल्या तांब्याच्या खनिजात युरेनियमचा अंश आहे आणि तो स्लॅगमध्ये उतरलाय, त्यामुळे या दगडांमधून नेहमीच्या दगडापेक्षा जास्त किरणोत्सर्ग मोजला गेला. दगड उत्तम, त्यात काय आहे हे विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, येणार तरी कसं, किरणोत्सर्ग म्हणजे काय हेच सुरुवातीला माहीत नव्हतं. ही गोष्ट मला "कचरा काँक्रीटमध्ये घातला की संपला" म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाला ऐकवावीशी वाटते.

पोलादाच्या भट्टीतला स्लॅग हा वेगळा प्राणी, त्याला झोतभट्टीच्या स्लॅगबरोबर एका ढिगात टाकू नये. याच्यात मोकळा चुना असतो, मॅग्नेशियाही असतो, आणि दोन्ही पाणी पिऊन फुगतात. ताजा स्लॅग रस्त्याखाली टाकला की काही काळाने रस्त्याला पोट येतं. म्हणून तो महिनोन् महिने उघड्यावर, पाणी मारून, मुरवावा लागतो किंवा वाफ देऊन त्याचं फुगणं आधीच उरकून घ्यावं लागतं. नीट प्रक्रिया केली तर काम होतं, सुरतजवळ हजिराला २०२२ मध्ये साधारण एक लाख टन प्रक्रिया केलेला पोलादी स्लॅग खडीच्या जागी वापरून सहा लेनचा रस्ता केला, केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या तंत्राने, आणि जडच्या जड ट्रक त्याच्यावरून जातात. आता काही ठिकाणी या मोकळ्या चुन्याला शत्रू न मानता त्याला कार्बन डायऑक्साइड पाजून ब्लॉक घट्ट करतात, सिमेंट न घालता. चुनखडीतून निघालेला वायू परत चुन्यात. ही कल्पना मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त आवडते, पण त्यासाठी बऱ्यापैकी शुद्ध वायू ब्लॉकच्या कारखान्यापर्यंत पोचायला पाहिजे आणि तिथेच घोडं अडतं.

शेतीच्या कचऱ्याकडे आलं की लोकांचा आवाज मऊ होतो. भाताचं तूस, उसाचं चिपाड, नारळाची करवंटी, गव्हाचं काड, सगळं कसं निसर्गातलं. तुसाचं गणित खरंच भारी आहे, हजार किलो भातातून साधारण दोनशे किलो तूस निघतं, ते जाळलं की चाळीस किलोच्या आसपास राख उरते आणि त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य. भाताचं रोप जमिनीतून सिलिका ओढून घेतं आणि तुसाच्या सालीत रचून ठेवतं, आपण फक्त बाकीचं जाळून टाकायचं. पण जाळायचं कसं यावर सगळं आहे. ५०० ते ७०० डिग्रीच्या दरम्यान नीट जाळलं तर सिलिका काचेसारखी अस्ताव्यस्त राहते, चुन्याशी लगेच रिअॅक्शन करते, फ्लाय अॅशपेक्षा कितीतरी तडफेने. जास्त तापलं, जास्त वेळ तापलं, की ती स्फटिक बनते आणि मग नुसती बारीक वाळू, वर तिची धूळ फुप्फुसात गेलेली फार वाईट. कमी जळलं तर कार्बन राहतो, राख काळी, ब्लॉक काळा आणि पाणी भरमसाट. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पी. कुमार मेहतांनी १९७० च्या दशकात हे नियंत्रित जाळण्याचं काम केलं, त्या आधी तुसाची राख म्हणजे बेभरवशाची गोष्ट होती. खरं सांगायचं तर अजूनही बऱ्याच ठिकाणी तशीच आहे कारण गिरणीवाला तूस जाळतो ते वाफेसाठी, त्याला सिलिकाच्या तब्येतीशी काय घेणंदेणं.

चिपाडाच्या राखेचं वेगळंच. उसाबरोबर शेतातली माती-वाळू येते, ती राखेत क्वार्ट्झ (स्फटिक झालेली, झोपलेली सिलिका) म्हणून बसते, शिवाय अर्धवट जळलेले धागे. चाळून, परत दळून घेतली तर ती बऱ्यापैकी उपयोगी पडते. आणि जळण्याआधीचे तंतू, म्हणजे भुसा, काड, चिपाड, थेट काँक्रीटमध्ये घालायची हौस असेल तर लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे साखर. वनस्पतीतली थोडीशी साखर सिमेंटचं सेटिंग लांबवते, जास्त असेल तर सिमेंट घट्टच होत नाही. कोवळे तंतू गरम पाण्यात धुऊन किंवा चुन्यात मुरवून घेतल्याशिवाय मिक्सरमध्ये गेले तर दुसऱ्या दिवशी साच्यात ओला लगदा भेटतो आणि मग सगळे सिमेंटच्या कंपनीला शिव्या देतात.

आणि शेती एका जागी नसते. राखेचा डोंगर वीज केंद्राच्या दाराशी असतो, तूस मात्र गावोगाव पसरलेलं, हंगामात एकदम येणारं, आणि इतकं हलकं की ट्रक भरून नेलं तरी वजन काट्यावर काही दिसत नाही. जिथे गिरणी मोठी आहे, बॉयलर आधीच चालतोय आणि ब्लॉकचं यंत्र शेजारीच आहे तिथे हे जमतं. तिथून लांब गेलं की डिझेल सगळी कमाई खाऊन टाकतं.

डांबराच्या बाजूला शेतीचा कचरा बहुतेक जास्त कामाचा ठरेल असं मला वाटायला लागलंय. लिग्निन, म्हणजे झाडाच्या पेशी एकमेकांना धरून ठेवणारा पदार्थ, त्याची जात डांबराशी जुळते. कागदाच्या कारखान्यात तो ढिगाने निघतो आणि तिथेच जाळून टाकतात. नेदरलँड्समध्ये झीलंडला २०१५ मध्ये डांबराचा काही भाग लिग्निनने बदलून रस्त्याचा तुकडा केला, आपल्याकडे नागपूरजवळ मनसरला डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्गाच्या तुकड्यावर तसंच बायो-बिटुमेन वापरलं. रस्त्याचं आयुष्य कळायला उन्हाळे-पावसाळे जावे लागतात, त्याला शॉर्टकट नाही. टायरच्या रबराचा भुगा डांबरात घालायचं काम मात्र जुनं, फीनिक्स शहरात चार्ल्स मॅक्डॉनल्डने १९६० च्या दशकात सुरू केलं, आणि ते टिकलंय. प्लॅस्टिकच्या वाटेला मी इथे जात नाही, वितळवताना निघणारा धूर आणि झिजताना निघणारे कण हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मग येतात सिमेंट अजिबात नको म्हणणारे. कीव्हमध्ये व्हिक्टर ग्लुखोव्स्कीने १९५० च्या दशकात स्लॅगला अल्कलीने, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारख्या तीव्र क्षाराने, जागं करून काँक्रीट केलं, फ्रान्समध्ये जोसेफ डेव्हिडोविट्सने १९७० च्या दशकात याच घराण्यातल्या पदार्थांना जिओपॉलिमर म्हटलं. राख किंवा स्लॅग, त्यात कॉस्टिक आणि सोडियम सिलिकेट, बस. ऑस्ट्रेलियात तुवूंबाजवळचा वेलकॅम्प विमानतळ २०१४ मध्ये उघडला, तिथे साधारण ४०,००० घनमीटर जिओपॉलिमर काँक्रीट वापरलंय आणि त्याच्यावर मोठी विमानं उभी राहतात, त्यामुळे "हे लॅबमधलं खेळणं आहे" असं आता कुणी म्हणू नये. पण कॉस्टिक आणि सिलिकेट बनवायला बरीच ऊर्जा लागते हे हिशोबात धरलं की बचतीचा आकडा प्रत्येक कारखान्यात वेगळा निघतो, आणि कॉस्टिक हाताळणाऱ्या कामगाराच्या डोळ्यांचा विचार कागदावर कुणी करत नाही. शिवाय अल्कली जास्त झाली की ब्लॉकवर पांढरे डाग फुटतात, ताकद ठीक असली तरी गिऱ्हाईक माल परत पाठवतं. माझं मत असं आहे की विमानतळासारख्या जागी, जिथे एकच मोठं काम आणि कडक देखरेख आहे, तिथे हे चालतं, छोट्या ब्लॉकवाल्याने याच्या नादी लागू नये. त्याने १५-२० टक्के राख, जमलं तर स्लॅग, आणि पाण्यावर लक्ष, एवढं केलं तरी पुष्कळ.

कारण त्या छोट्या माणसाची खरी डोकेदुखी सातत्याची आहे. आज आलेली राख आणि परवा येणारी राख सारखी नसते. कोळसा बदलला, बॉयलरचा लोड बदलला, की कार्बन बदलतो, बारीकपणा बदलतो, पाणी बदलतं. सिमेंटच्या गोणीवर जो भरवसा ठेवता येतो तो ढिगातल्या राखेवर ठेवता येत नाही, प्रत्येक गाडीची चाळणी आणि जाळून बघायची टेस्ट करावी लागते, आणि ती करायला त्याच्याकडे माणूस नसतो. कचरा फुकट असतो हे अर्धसत्य आहे, त्याला ओळखून घ्यायचा खर्च असतो.

विषाचा प्रश्न टाळता येत नाही. कोळशात जे आर्सेनिक, सेलेनियम, पारा होतं त्यातलं बरंच राखेत राहतं. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेत टेनेसीमधल्या किंग्स्टनला राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि चाळीस लाख घनमीटरहून जास्त ओली राख नदीत आणि वस्तीत गेली. ऑक्टोबर २०१० मध्ये हंगेरीत आयकाला अॅल्युमिनाच्या कारखान्याच्या लाल चिखलाचं धरण फुटलं, दहा माणसं गेली, तो चिखल इतका अल्कलीयुक्त होता की लोकांची कातडी भाजली. या तळ्यांपेक्षा ब्लॉकमध्ये बांधलेली राख कितीतरी सुरक्षित, यात वाद नाही, घट्ट काँक्रीटमधून फारच कमी बाहेर पडतं. पण पुढे तो ब्लॉक तोडून, दळून भरावात टाकला की आतला सगळा पृष्ठभाग उघडा पडतो, म्हणून टेस्ट अख्ख्या ब्लॉकची पण करावी आणि दळलेल्या ब्लॉकची पण. दुसरी टेस्ट कुणी मागत नाही.

तरी पेव्हर ब्लॉकची एक गोष्ट मला सगळ्या राखेपेक्षा मोठी वाटते आणि तिच्याबद्दल जवळजवळ कुणी बोलत नाही. तो उचलता येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये फरसबंदीच्या भाजक्या विटा मिळेनात, घरं बांधायलाच विटा कमी पडत होत्या, तेव्हा काँक्रीटचे ब्लॉक रस्त्यावर आले, म्हणजे हा प्रकार जन्मलाच टंचाईतून. वाळूवर बसवलेले, सांध्यात वाळू, एकमेकांना खेटून भार वाटून घेणारे. पाइप टाकायचा तर काढा, बाजूला रचा, परत लावा. सिमेंटच्या बेडवर, सांध्यात ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरून जे ब्लॉक बसवतात ते हा गुण मारून टाकतात, मग आत चाळीस टक्के राख असली तरी उकरताना सगळा चुरा, आणि मला अशा कामावर "इको फ्रेंडली" बोर्ड बघून हसावं की रडावं कळत नाही.

आता हा सगळा माल पुरणार किती दिवस? ब्रिटनमधलं शेवटचं कोळशावरचं वीज केंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं, आणि त्याच दिवशी वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉट पोलाद कारखान्याची शेवटची झोतभट्टीही विझली. हवेसाठी चांगली बातमी. पण ताजी फ्लाय अॅश गेली आणि स्लॅगचा एक मोठा झराही आटला, जिथे पोलाद विजेच्या भट्टीत भंगारापासून बनतं तिथे झोतभट्टीचा स्लॅग निघतच नाही. इतकी वर्षं आपण ज्याला कचरा म्हणून फुकट नाहीतर पैसे देऊन उचलायला लावत होतो त्याचीच आता वाट बघायची वेळ आलीय, काहीजण भाजलेल्या चिकणमातीकडे वळलेत, ती ७००-८५० डिग्रीला भाजली की जमतं, आणि काहीजण जुन्या राखेच्या तळ्यांकडे. अमेरिकेत अशी तळी उकरून राख काढणं सुरू झालंय. ती राख पाण्यात पडून भिजलेली, गठ्ठे झालेली, तळाच्या जाड राखेत मिसळलेली असते, ती वाळवायची, फोडायची, चाळायची, कार्बन जास्त असेल तर परत जाळून काढायचा. वाळवायला पुन्हा इंधन लागतं, आणि ते धरून क्लिंकरच्या तुलनेत किती वाचतं हे तळं किती ओलं आहे आणि ब्लॉकचा कारखाना किती लांब आहे यावर अवलंबून असतं.